आजोबांच्या लग्नाचा दाखला कोर्टात मिळत नाही

अमेरिकेत लग्नाचं लायसन्स काउंटीच्या कोर्टकचेरीतून मिळतं आणि शंभर वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंदही बहुतेकदा तिथल्या रजिस्टरात सापडते. त्यामुळे तिकडे वाढलेली मराठी मुलं घराण्याचा इतिहास जमवायला लागली की हैदराबादच्या काका-मावश्यांना विचारतात, "आजोबांच्या लग्नाचा दाखला कुठल्या कोर्टात मिळेल?" कुठल्याच नाही. म्हणून कागदच नाही असं मात्र समजू नये.

निजामाच्या राज्यात हिंदूंचं लग्न सरकारदरबारी नोंदवायची रीत नव्हती. भटजी, दोन्हीकडचे सोयरे आणि पंगत, एवढ्यावर लग्न पक्कं होई. इंग्रजांचा १८७२ चा विशेष विवाह कायदा किंवा १९२९ चा बालविवाह रोखणारा सारडा कायदा आपल्या घरालाही लागू होता, असं अनेकजण धरून चालतात. ते कायदे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते, हैदराबाद संस्थान त्यांच्या बाहेर होतं. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम ८ मध्ये नोंदणीची सोय केली, पण नोंद नसल्याने लग्नाच्या वैधतेला बाध येत नाही हेही तिथेच लिहून ठेवलं. आंध्र प्रदेशात नोंदणीच्या सक्तीचा कायदा झाला तो थेट २००२ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच राज्यांना तसे निर्देश दिले ते २००६ मध्ये. तेव्हा "नोंद नाही, म्हणजे आजीचं लग्न कायदेशीर नव्हतं" असं घरात कोणी बोललं तर त्याला तिथेच थांबवावं. ते खोटं आहे, आणि त्या बाईवर अन्याय करणारं आहे.

मग कागद कुठे असतात? लग्नाची गाठ जिथे जमिनीशी पडली, तिथे. इनामदार वारला की विरासतीची चौकशी होई. बायका किती, मुलं कोणाची, दत्तक कोण, हे सगळं साक्षीपुराव्याने लिहिलं जाई आणि शेवटी मुंतखब, म्हणजे इनामाच्या वारसाचा सरकारी निर्णय, निघे. मराठवाड्यातल्या देशमुख-देशपांडे घरांत हा शब्द अजून ऐकू येतो. लग्नाची तारीख त्यात क्वचितच असते, पण "गंगाबाई जौजे (पत्नी) रामराव" किंवा नुसतं "बेवा" (विधवा) असं नाव येतं. वंशावळ जुळवणाऱ्याला तेवढ्यावरही पुष्कळ पुढे जाता येतं.

शोधायचं कोणत्या नावाने, हा खरा पेच. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलत, त्यामुळे माहेरच्या कागदावर ती एक आणि सासरच्या कागदावर दुसरीच. दोन्ही नावं घरच्या म्हाताऱ्यांकडून आधी लिहून घ्यावीत.

दुसरा पेच तारखेचा. घरात जपलेल्या लग्नपत्रिकेवर वैशाख शके १८६३ असतं, त्याच घराच्या सरकारी कागदावर तीर महिना, १३५० फसली. दोन लग्नं झाली की काय, असं वाटतं. मुळात दोन्ही तारखा मे १९४१ च्याच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषाच्या सुमाराला मात्र वर्ष उलटतं, तिथपासून ७९ धरावे. हैदराबादचं फसली वर्ष त्या काळी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजर महिन्यापासून लागे. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवायचे. आणि हे कागद मोडीतच असणार असंही नाही. १८८४ पर्यंत राज्यकारभाराची भाषा फारसी होती, नंतर उर्दू झाली. मोडी वाचणारा मिळाला तरी उर्दू शिकस्ता, म्हणजे घसटं अक्षर, वाचणारा लागतोच.

कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीमुळे २०२३ पासून "हैदराबाद गॅझेट" घराघरांत पोहोचलं आहे. त्यात पणजोबांचं नाव सापडेल अशी आशा कोणी धरू नये. ते मुळात गॅझेटिअर, त्यात जातवार लोकसंख्येचे आकडे असतात, कुटुंबांची नावं नसतात. नावं हवी असतील तर मध्यवर्ती दफ्तरासाठी हैदराबादेत तारनाक्याचं राज्य अभिलेखागार गाठावं, आणि गावपातळीच्या कागदांसाठी त्या त्या जिल्ह्याच्या व तालुक्याच्या कचेऱ्या. १९५६ मध्ये मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबादपासून वेगळे झाले, तरी दफ्तर काही एका जागी गोळा झालं नाही.

मुसलमान आणि ख्रिस्ती घरांना हे काम थोडं सोपं. निकाह लावणारा काझी सियाहा, म्हणजे निकाहाची नोंद, ठेवतो, आणि हैदराबादेत वक्फ बोर्डाकडून त्यावरून दाखलाही मिळत आला आहे. ख्रिस्ती लग्नांची रजिस्टरं चर्चमध्ये असतात. सिकंदराबाद छावणीतल्या युरोपियनांच्या नोंदींच्या नकला तर मद्रासमार्गे लंडनला जात, आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

हिंदू घरांनी एक जागा विसरू नये: तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यायांची नामावळी. नाशिक-त्र्यंबकेश्वरी गेलेल्या पूर्वजांनी स्वतःच्या हाताने मुलं-सुना लिहून ठेवलेल्या असतात. उपाध्याय आडनाव, मूळ गाव आणि जात विचारून चोपडी काढतात, म्हणून हैदराबादचा पत्ता सांगून उपयोग नाही. मूळ गाव बिदर, नांदेड की बीडकडचं, ते आधी घरी विचारून जावं. चोपडी उघडली की मागच्या पिढ्यांची पानं फोटोत घ्यावीत, उपाध्यायांची दक्षिणा द्यावी आणि आपल्या पिढीची नावंही लिहावीत, सुनांची माहेरच्या नावांसकट.