मोटारीच्या दाराची केबल
मोटारीच्या दाराचे हँडल व दाराच्या कडेला बसवलेला लॅच यांना जोडणारी, आवरणातून सरकणारी लवचीक पोलादी तार म्हणजे दाराची केबल होय. हा बोडेन केबलचा एक प्रकार आहे. आवरणाची दोन्ही टोके पक्की बसवलेली असतात. हँडल ओढताच आतील तार सरकते, लॅचमधील खिटी मागे हटते आणि चौकटीवरील कडीत अडकलेला आकडा सुटतो. ही तार केवळ ओढू शकते. ढकलू शकत नाही. त्यामुळे ती तुटल्यास किंवा सैल पडल्यास दार बंदच राहते. धावत्या गाडीत हे सुरक्षित असले, तरी अपघातानंतर बाहेर पडणे अवघड होऊ शकते. अनेक गाड्यांत आतील व बाहेरील हँडलांची जोडणी स्वतंत्र असते. म्हणून एक हँडल निकामी झाले, तरी दुसऱ्याने दार उघडता येते.