काचबिंदूचे ऑपरेशन आणि बुबुळाची काळजी



इंझोरी भागातील काही सभासदांनी आम्हाला विचारले, "काचबिंदूचं ऑपरेशन केलं की बुबुळ पांढरं पडतं म्हणतात. मग करावं की नाही?" प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे खुलासेवार लिहितो.

डोळ्यात पाणी सतत तयार होते आणि बारीक वाटेने बाहेर जाते. ही वाट तुंबली की दाब वाढतो आणि मागची दृष्टीची नस हळूहळू मरते. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली तेवढी वाचवायची. थेंबांनी किंवा लेसरने भागले नाही, तर रानाला चर काढावा तशी डॉक्टर पाण्याला नवी वाट काढून देतात.

आता बुबुळाचे. त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. या पडद्याच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. या पेशी म्हणजे पाणी उपसणारे पंपच. मोठ्या माणसात एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे २५०० पेशी असतात. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही, शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात. फारच कमी उरल्या की रान चिबडते तसा पडदा फुगतो आणि धूसर होतो.

ऑपरेशनने काही पेशी जातात, हे खरे. नेहमीच्या ऑपरेशनात नुकसान बहुधा थोडे असते. मात्र पाणी जास्त वाहून पुढची पोकळी उथळ झाली, तर ते वाढते. नळी बसवली आणि ती पडद्याच्या फार जवळ राहिली, तर पेशी वर्षानुवर्षे झिजतात. सायपास नावाची बारीक नळी याच कारणाने २०१८ साली कंपनीने जगभरातून परत घेतली.

म्हणून ऑपरेशन टाळायचे का? मुळीच नाही. वाढलेला दाबही याच पेशी मारतो, आणि वर नसही घालवतो. बुबुळाचा पडदा बिघडला तर नेत्रदानातून मिळालेला बसवता येतो. मेलेली नस बदलता येत नाही.

मात्र एवढे सांभाळा :

१) ऑपरेशनपूर्वी, विशेषतः नळी बसवायची असल्यास, बुबुळाच्या पेशी मोजता येतील का ते विचारा. पूर्वी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल तर सांगा.

२) सकाळी उठल्यावर धूसर आणि दुपारपर्यंत बरे दिसणे, दिव्याभोवती रंगीत कडे दिसणे, या खुणा दिसल्या की डॉक्टरांना दाखवा.

३) डोळा लाल झाला, दुखला, चिपडे आली तर "डोळे आले असतील" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

४) डोळा चोळू नका. ऊसतोडीत, पाचट काढताना चष्मा लावा. उसाच्या पात्याचा फटका वाईट.

५) दुकानातून मनाने थेंब आणू नका. स्टेरॉइडच्या थेंबांनी दाब वाढू शकतो.

बरे वाटले तरी तपासणीची तारीख चुकवू नका. चर काढला म्हणजे काम संपले असे नाही. तो दरवर्षी पाहावा लागतो, हे आपणा शेतकऱ्यांना कोणी सांगायला नको.