ख्रिस्ती नेतृत्व आणि चारित्र्य

नेत्याचे खासगी आचरण आणि त्याचे पद यांचा परस्परसंबंध कोणता, हा ख्रिस्ती धर्मविचारातील एक जुना व आजही पूर्णपणे न मिटलेला प्रश्न आहे. धर्मगुरू, पाळक, बिशप किंवा मंडळीतील वडील यांच्या अंगी केवळ विद्वत्ता वा संघटनकौशल्य असून भागत नाही, त्यांचे चारित्र्यही निर्दोष असले पाहिजे, याविषयी सर्व प्रमुख ख्रिस्ती पंथांचे एकमत आहे. मतभेद आहे तो पुढच्या प्रश्नावर : चारित्र्यभ्रष्ट नेत्याने केलेले धर्मकार्य ग्राह्य धरावे काय? या प्रश्नावरून चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील चर्च दुभंगले.

बायबलमधील आधार

जुन्या करारातील राजांच्या कथांत चारित्र्याचा विचार वारंवार येतो. दावीद हा इस्राएलचा आदर्श राजा मानला जातो. तरीही शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात त्याने बथशेबेशी केलेला व्यभिचार आणि तिचा पती उरीया याला रणांगणावर योजनापूर्वक मारविणे, हे काहीही न झाकता सांगितले आहे. नाथान संदेष्टा एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगून राजाच्याच तोंडून राजाविरुद्ध निकाल काढून घेतो. या कथेत राजाच्या पापाइतकेच महत्त्व राजाला तोंडावर बोलू शकणाऱ्या माणसाच्या अस्तित्वाला आहे. भाष्यकारांचे याकडे अनेकदा दुर्लक्ष होते.

शुभवर्तमानांत येशूची शिकवण दोन दिशांनी जाते. झाड फळावरून ओळखावे, असे तो खोट्या संदेष्ट्यांबद्दल सांगतो. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात मात्र शास्त्री व परूशी सांगतात ते पाळा, पण ते करतात तसे करू नका, असा त्याचा उपदेश आहे. पहिल्या वचनात आचरण ही कसोटी आहे. दुसऱ्यात शिकवण आणि शिकविणारा यांची फारकत केलेली आहे. पुढील काळातील वादात दोन्ही पक्षांना बायबलमध्येच आधार सापडला, त्याचे हे एक कारण होय.

सर्वांत तपशीलवार निकष तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात व तीताला लिहिलेल्या पत्रात आढळतात. अध्यक्ष हा एकपत्नी, संयमी, अतिथिप्रिय व सौम्य असावा; मद्यासक्त, मारकुटा, भांडखोर किंवा द्रव्यलोभी नसावा; तो नवशिक्या नसावा आणि मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे, अशी ही यादी आहे. तीत कौशल्य म्हणता येईल असा गुण जवळजवळ एकच आहे, तो म्हणजे शिकविण्याची पात्रता. बाकी सारे स्वभाव आणि आचरण यांच्याशी निगडित आहे. ज्याला स्वतःचे घर नीट चालविता येत नाही तो मंडळी कशी सांभाळणार, असा प्रश्नही तेथे विचारलेला आहे.

ही यादी सर्वस्वी ख्रिस्ती म्हणता येत नाही. पहिल्या शतकातील ग्रीक लेखक ओनासांदर याने सेनापतीच्या निवडीसाठी दिलेली गुणांची यादी तिच्याशी बरीच जुळते, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तत्कालीन समाज ज्याला सभ्य गृहस्थ मानी, निदान तेवढे तरी मंडळीच्या प्रमुखाने असावे, असा तिचा आशय दिसतो. ही पत्रे परंपरेने पौलाची मानली जातात. अनेक आधुनिक अभ्यासक ती त्याच्या नंतरच्या पिढीतील असल्याचे मानतात.

दोनातवादी वाद

सम्राट डायोक्लेशन याने इ. स. ३०३ मध्ये ख्रिस्ती धर्मग्रंथ जप्त करून जाळण्याची आज्ञा काढली. छळाच्या भीतीने काही धर्मगुरूंनी ग्रंथ सैनिकांच्या स्वाधीन केले. छळ थांबल्यावर अशा ‘स्वाधीन करणाऱ्यां’चे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. कार्थेज येथे सिसिलियन याची बिशपपदावर स्थापना झाली, तेव्हा त्याला दीक्षा देणाऱ्यांपैकी आप्तुंगाचा फेलिक्स याने ग्रंथ स्वाधीन केले होते, असा आरोप झाला. विरोधकांनी ती दीक्षाच रद्दबातल ठरवून वेगळा बिशप निवडला. त्याच्यानंतर आलेल्या दोनातस याच्यावरून या पंथाला नाव मिळाले.

दोनातवाद्यांचा युक्तिवाद सरळ होता. ज्याने स्वतः पवित्र आत्मा गमावला, तो दुसऱ्याला तो कसा देणार? त्यांच्याकडे येणाऱ्यांना ते पुन्हा बाप्तिस्मा देत. हा हट्ट केवळ कर्मठपणाचा नव्हता. ज्यांचे आप्त ग्रंथ न दिल्यामुळे मारले गेले होते, त्यांनी ग्रंथ देणाऱ्यांच्या हातून प्रभुभोजन घ्यावे काय, ही त्यामागील खरी वेदना होती. रोम (३१३) आणि आर्ल (३१४) येथील धर्मसभांचा निर्णय दोनातवाद्यांच्या विरोधात गेला. पुढे चौकशीत फेलिक्सवरील आरोपही टिकला नाही; पण तोवर प्रश्न एका व्यक्तीचा उरला नव्हता.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने या वादाला सैद्धांतिक उत्तर दिले. त्याच्या मते संस्कार हा धर्मगुरूचा नसून ख्रिस्ताचा असतो. देणारा अपात्र असला तरी घेणाऱ्याचे नुकसान होत नाही. घाणीवरून गेलेला सूर्यप्रकाश मळत नाही, हा दृष्टांत तो देतो. या मताची व्यावहारिक बाजू लक्षात घेण्याजोगी आहे : धर्मगुरूच्या अंतःकरणावर संस्काराची वैधता अवलंबून ठेवली, तर कोणत्याही भाविकाला आपला बाप्तिस्मा खरा की खोटा, याची खात्री कधीच वाटणार नाही. इ. स. ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही बाजूंच्या मिळून पाचशेहून अधिक बिशपांची परिषद भरली. तिचा निकाल दोनातवाद्यांविरुद्ध लागला आणि त्यांच्यावर शासकीय बळाचा वापर झाला. या सक्तीला ऑगस्टीनने पाठिंबा दिला, हा त्याच्या चरित्रातील न पुसता येणारा डाग आहे.

ऑगस्टीनचे मत पुढे रोमन कॅथलिक चर्चने स्वीकारले आणि प्रॉटेस्टंट सुधारकांनीही ते मोडले नाही. अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांपैकी २६ वे कलम याच विषयावर आहे. दुष्ट धर्मगुरूमुळे संस्काराचा परिणाम नष्ट होत नाही, असे सांगून ते थांबत नाही. अशा धर्मगुरूंची चौकशी व्हावी आणि दोषी ठरल्यास त्यांना पदावरून दूर करावे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात कलमाचा पूर्वार्ध जितका पाळला गेला तितका उत्तरार्ध पाळला गेला नाही.

मठ, चर्च आणि राजसत्ता

संत बेनेडिक्ट याच्या सहाव्या शतकातील नियमावलीचा दुसरा अध्याय मठाधिपती कसा असावा, याला वाहिलेला आहे. त्याने शब्दांपेक्षा कृतीने अधिक शिकवावे आणि प्रत्येक शिष्याचा हिशेब आपल्याला देवापुढे द्यायचा आहे, हे विसरू नये, असे त्यात म्हटले आहे. पोप पहिला ग्रेगरी याने इ. स. ५९० च्या सुमारास लिहिलेला पाळकीय नियमांचा ग्रंथ मध्ययुगात बिशपांचे पाठ्यपुस्तकच ठरला. नवव्या शतकात इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याने त्याचे जुन्या इंग्रजीत भाषांतर केले.

हीच कसोटी राजांनाही लावली गेली. थेसालोनिकी येथे एका सेनाधिकाऱ्याची हत्या झाल्यावर सम्राट थिओडोसियसच्या आज्ञेने इ. स. ३९० मध्ये नागरिकांची कत्तल झाली. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला पत्र लिहून त्याच्या उपस्थितीत प्रभुभोजनविधी करण्यास नकार दिला आणि सम्राटाला जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागले.

आधुनिक काळ

अमेरिकन प्रवचनकार बिली ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे स्वतःसाठी काही बंधने ठरविली. पैशाचा व्यवहार, स्त्रियांशी वर्तन, स्थानिक मंडळ्यांवर टीका न करणे आणि श्रोत्यांच्या संख्येबाबत अतिशयोक्ती टाळणे, असे चार विषय त्यांत होते. पत्नीखेरीज अन्य स्त्रीला एकांतात न भेटण्याच्या नियमामुळे संस्थांमधील स्त्रियांना निर्णयप्रक्रियेतून वगळले जाते, अशी टीका त्यावर पुढे झाली.

२००२ मध्ये बोस्टन येथील धर्मगुरूंनी केलेल्या बाललैंगिक शोषणाचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि चर्चेचा रोख बदलला. दोष व्यक्तींचा होताच. पण त्यांची एका धर्मग्रामातून दुसऱ्यात बदली करणाऱ्या वरिष्ठांचा दोष अधिक गंभीर मानला गेला. तेथील कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला. मद्रासमध्ये जन्मलेले धर्मसमर्थक रवी झकरायस आणि ‘लार्श’ या संस्थेचे संस्थापक जाँ व्हानिए यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच संस्थांच्या चौकशीत अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण उघड झाले. त्यांची पुस्तके वाचावीत की बाजूला ठेवावीत, हा प्रश्न वाचकांपुढे उभा राहिला. ऑगस्टीनचे उत्तर येथे पुरेसे ठरत नाही, कारण ते संस्कारांविषयी होते. पीडितांशी कसे वागावे, हा त्याचा विषय नव्हता.

महाराष्ट्रातील संदर्भ

मराठी ख्रिस्ती समाजात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे नेतृत्व या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे, कारण घराची कसोटी त्यांच्याइतकी उघडपणे क्वचितच कुणाला लागली असेल. पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात टिळकांचे औदार्य आणि भक्ती यांबरोबरच त्यांचा तापटपणा, पैशाबाबतची बेफिकिरी आणि मनात येईल तेव्हा घर सोडून जाण्याची वृत्ती निःसंकोचपणे व पुष्कळदा विनोदाने नोंदविली आहे. हे लेखन टिळकांचा मोठेपणा नाकारत नाही आणि त्यापायी घरातल्यांनी काय सोसले, हेही लपवीत नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ ही चळवळ सुरू केली. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंनाही तिच्यात प्रवेश होता.