रेशनचं धान्य की खात्यात पैसे?

गरीब कुटुंबाला मदत धान्याने करावी की पैशाने, यावर पारापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळ्यांची मतं ठाम असतात. त्यातली बरीचशी ऐकीव. नेहमी कानावर पडणारे चार गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज 1: रोख दिली की ती दारूत जाते.

वस्तुस्थिती: जागतिक बँकेतले अभ्यासक डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातल्या रोख मदतीवरचे अभ्यास एकत्र तपासले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं जवळजवळ कुठेच दिसलं नाही. काही ठिकाणी तो कमीच झाला होता.

गैरसमज 2: फुकट मिळालं की माणूस काम सोडतो.

वस्तुस्थिती: अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात रोख योजनांची आकडेवारी पुन्हा तपासली. मदतीमुळे स्त्री-पुरुषांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. आपल्याकडेही प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळतं. तेल, डाळ, दवाखाना, शाळेची वही यांसाठी मजुरीला जावंच लागतं.

गैरसमज 3: धान्याऐवजी पैसे दिले, म्हणजे हिशेब सारखाच.

वस्तुस्थिती: मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना माणशी 5 किलो धान्य मिळायचं; गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये किलो. जानेवारी 2023 पासून त्याऐवजी खात्यात माणशी दरमहा 150 रुपये येऊ लागले. म्हणजे किलोमागे 30 रुपये. ही रक्कम 170 व्हायला 2024 उजाडलं. मधल्या काळात किराणा दुकानातले भाव काही थांबले नव्हते. बाजार कितीही चढला तरी रेशनचं 5 किलो 5 किलोच राहतं. भावांवरच्या परिणामातला फरक मेक्सिकोतल्या दुर्गम गावांमध्येही दिसला: जिथे खाद्यपदार्थ वाटले तिथे दुकानातले भाव उतरले, रोख दिली तिथे तसं झालं नाही.

गैरसमज 4: पैसे थेट खात्यात गेले की गळती संपली.

वस्तुस्थिती: 2015 मध्ये चंदीगड आणि पुदुच्चेरीत रेशनऐवजी रोख सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला अनेकांना पैसे आले की नाही, हेच कळत नव्हतं. आधारवरून येणारी रक्कम ज्या खात्याला सगळ्यात शेवटी आधार जोडलं, त्याच खात्यात जाते. आजीकडे दोन पासबुकं असतील, तर ती एक छापून घेते आणि पैसे दुसऱ्यात पडून राहतात. बँकेची वारी, बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं वेगळंच. अर्थात रेशन दुकानात यंत्रावर अंगठा जुळला नाही तर तिथूनही रिकाम्या हाताने परतावं लागतं. मात्र धान्यातली चोरी अटळ नसते. छत्तीसगडने 2004 मध्ये खासगी दुकानदारांकडून रेशन दुकानं काढून ती ग्रामपंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांकडे दिली. पुढच्या काही वर्षांत तिथली गळती बरीच खाली आली.

तेव्हा सगळीकडे एकच पद्धत लादण्यात अर्थ नाही. बाजार आणि बँक हाताशी आहेत तिथे रोख सोयीची. पैशातून डाळही घेता येते, औषधही. दूरच्या पाड्यावर धान्यच बरं. रोख द्यायचीच तर ती दरवर्षी बाजारभावाप्रमाणे वाढली पाहिजे. आणि तुमच्या ओळखीत कुणाचे योजनेचे पैसे अडले असतील, तर कार्यालयात खेटे घालण्याआधी बँकेत एवढंच विचारा: आधार सध्या कोणत्या खात्याला जोडलेलं आहे?