ख्रिस्ती श्रद्धेची ओळख – लेखांक ९ : वरून फाटलेला पडदा

ख्रिस्ती माणूस प्रार्थना ‘येशूच्या नावाने’ असे म्हणून का संपवतो, या प्रश्नावर आपण गेल्या आठवड्यात थांबलो होतो. त्याच्या उत्तरासाठी आधी नाशिकच्या पंचवटीत जावे लागेल. देवासमोर उभे राहण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्राला तिथे उघडपणे विचारला गेला.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथल्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी त्याची धुरा वाहिली. मंदिराचे दरवाजे बंद झाले आणि सत्याग्रही स्त्री-पुरुष त्या बंद दारांशी बसले. लढा सुमारे पाच वर्षे चालला, पण दार उघडले नाही.

यरुशलेमच्या मंदिरातही उंबरठ्यामागे उंबरठे होते. सर्वांत बाहेर परराष्ट्रीयांचे, म्हणजे यहुदी नसलेल्यांचे, अंगण, मग स्त्रियांचे, मग इस्राएली पुरुषांचे, त्यापुढे याजकांचे. परराष्ट्रीयांच्या हद्दीवर दगडी कठडा होता. पलीकडे पाऊल टाकणारा आपल्या मरणाला स्वतःच जबाबदार राहील, असा इशारा त्यावर ग्रीक अक्षरांत कोरलेला असे. असा एक शिलालेख १८७१ मध्ये सापडला आणि तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. सर्वांत आत, पडद्यामागे, परमपवित्रस्थान. तिथे वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकटा प्रमुख याजक बलीचे रक्त घेऊन जाई. दोन्हीकडची कारणे मात्र एक नव्हेत. पंचवटीत माणसाचा जन्मच आड आला. यरुशलेमचा पडदा माणसाचे पाप आणि देवाचे पावित्र्य यांतले अंतर दाखवत होता.

येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा हा पडदा वरून खालपर्यंत दुभंगला, असे मत्तय आणि मार्क सांगतात. मला त्यातले ‘वरून’ फार मोलाचे वाटते. माणसांनी खालून जोर लावून तो फाडला नाही. ज्याच्या भेटीला बंदी होती, त्यानेच ती उठवली. इब्री लोकांस लिहिलेले पत्र हाच अर्थ उलगडते : येशू स्वतःच प्रमुख याजक आणि स्वतःच बली, म्हणून आता प्रत्येक विश्वासणाऱ्याने देवाजवळ धैर्याने जावे. पौलाच्या परंपरेतले इफिसकरांस पत्र आणखी पुढे जाते आणि यहुदी व परराष्ट्रीय यांच्यामधली भिंतच ख्रिस्ताने पाडली, असे म्हणते.

म्हणजे थेट जवळीक असली तरी मध्यस्थ आहेच, पण तो एकच. ‘येशूच्या नावाने’ म्हणताना ख्रिस्ती माणूस त्याच्याच आधाराने आत जातो, स्वतःच्या कुळाच्या किंवा पुण्याईच्या बळावर नाही. कॅथलिक परंपरेत धर्मगुरूला, विशेषतः संस्कारांमध्ये, मोठे स्थान आहे. प्रोटेस्टंट सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणावर भर देतात. पण घरात, शेतात, आजारपणाच्या खाटेवर केलेली प्रार्थना देव थेट ऐकतो, याबद्दल दोघांत दुमत नाही.

हा विश्वास अंगी मुरणे किती अवघड, हे नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांच्या माहेरी वडिलांचे सोवळे टोकाचे होते. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या दुरावल्या. पुढे त्यांच्याकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. जातिभेद देवाने केलेला नाही, हे मनाला पटले तेव्हा त्यांनी तो सोडला, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. आधी माणसामाणसांतला पडदा गेला, मग बाप्तिस्मा झाला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

कारण चर्चनेच तो पडदा अनेकदा पुन्हा शिवला आहे. गोव्यात कोन्फ्रारीया, म्हणजे चर्चमधल्या भक्तमंडळ्या, जातीप्रमाणे वेगळ्या राहिल्या. धर्मांतरानंतरही जात सुटत नाही, ही बाबासाहेबांची टीका खरी होती. ज्या चर्चमध्ये बसण्याची जागा किंवा कबर जातीवर ठरते, ते चर्च आपल्याच सुवार्तेविरुद्ध उभे आहे. वाचकांनी मत्तयाचा २७ वा आणि इब्री लोकांस पत्राचा १० वा अध्याय एकत्र वाचून ठेवावा. पुढच्या लेखात बलिदानाच्या कल्पनेकडे वळू.