नायगावची लेक, शिरवळचा खाऊ

सावित्रीबाई फुले म्हटलं की शाळेच्या भिंतीवरचं चित्र आठवतं. ठसठशीत कुंकू, गंभीर चेहरा. ३ जानेवारीला, जयंतीला, हार, भाषण, वडापाव, संपलं! पण त्यांच्या माहेराकडून, म्हणजे खंडाळा तालुक्यातल्या नायगावकडून पाहिलं तर निराळीच बाई भेटते.

गोष्ट सुरू होते खाऊपासून. आख्यायिका अशी की लहानगी सावित्री शिरवळच्या बाजारातून खाऊ घेऊन खात खात चालली होती. एका मिशनऱ्यानं टोकलं, रस्त्यात असं खाऊ नये. पोरीनं हातातला खाऊ टाकून दिला. साहेब खूश! त्यानं पुस्तक दिलं. वाचता कुठं येत होतं? वडील खंडोजी नेवसे पाटलांनी ते फेकून दिलं, हिनं गुपचूप उचलून ठेवलं आणि १८४० मध्ये लग्न झाल्यावर सासरी नेलं. नवरी नऊ वर्षांची, नवरा तेराचा, आणि रुखवतात पुस्तक. खरं-खोटं शिरवळचा बाजार जाणे.

पुण्यातल्या भिडेवाड्यातली १८४८ ची मुलींची शाळा, तिथं जाताना अंगावर पडणारं शेण आणि त्यासाठी पिशवीतलं जादा लुगडं हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पुढे जाऊ.

१८५४ मध्ये ‘काव्यफुले’ आलं तेव्हा कवयित्रीचं वय तेवीस. शाळामास्तरणीच्या कविता म्हणजे नुसता उपदेश असणार, असं वाटतं ना? तो आहेच, पण त्यात जाईचं फूल आहे, पिवळा चाफा आहे, फुलपाखरूही आहे. दिवसा शाळा चालवून, शिव्या खाऊन घरी आल्यावर चाफ्यावर लिहायला सुचणं, याचं मला जास्त कौतुक आहे. पुढे ‘बावनकशी सुबोध रत्नाकर’मध्ये त्यांनी नवऱ्याचं, जोतीरावांचं, चरित्र चक्क पद्यात लिहिलं. जोतीरावांची भाषणं संपादित केली, ती वेगळीच. आणि स्वतःच्या भाषणांत एक विषय होता कर्ज! आजही बचतगटाच्या बैठकीत चालून जाईल.

पण खरी मजा पत्रांत. १८५६ मध्ये बाई आजारी पडून माहेरी आल्या. भावानं सेवा केली, आणि वर सुनावलंही: तुम्ही नवरा-बायको महारा-मांगांना शिकवता, कुळाला बट्टा लावता. आजारातून उठलेली बहीण गप्प बसेल? तिनं भावाला असं काही धुतलं की अखेर तो वरमला, आणि आई लेकीवर खूश झाली. हे सगळं बाईंनी जोतीरावांना पत्रानं कळवलं. पुण्यातल्या शाळेचा भार सोबत शिकवणाऱ्या एकट्या फातिमावर पडला असेल, ही काळजीही त्यातच.

१८६८ चं पत्र तर पडद्यावर शोभावं असं. पोथी-पंचांग सांगत फिरणारा गणेश आणि सारजा, दोघं प्रेमात पडलेली. जात वेगळी, मुलीला दिवस गेलेले. गावानं दोघांना मारायला काढलं. सावित्रीबाई धावत मध्ये पडल्या. हातात ना काठी, ना शिपाई. त्यांनी जमावाला इंग्रजी कायद्याचा धाक घातला, इतका ठसक्यात की गर्दी मागे सरली. मग त्या जोडप्याला थेट पुण्याला, जोतीरावांकडे धाडून दिलं.