चांगला शेवट सीक्वेल कधी बिघडवतो? एका तक्रारीचा संशोधन-प्रश्न करताना



मागच्या आठवड्यात चिंचवडहून शिवाजीनगरला लोकलने जात होते. बरोबर एक ज्युनिअर होती, एम.एस्सी. झालेली आणि पेटची तयारी करणारी. खडकी आलं तेव्हा तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "ताई, रिसर्चचा टॉपिक सुचतच नाही, काय करू?" गंमत म्हणजे त्याआधीची पंधरा मिनिटं ती एकाच गोष्टीवर तावातावाने बोलत होती. 'टर्मिनेटर'चा दुसरा भाग तिचा जीव की प्राण, आणि तिसऱ्या भागाने त्याची पार वाट लावली म्हणे.

मी म्हटलं, "अगं, टॉपिक तुझ्या तोंडातच आहे की. फक्त अजून ती तक्रार आहे, प्रश्न झालेला नाही."

तक्रारीपासून प्रश्नापर्यंत कसं जायचं, ते तिचंच उदाहरण घेऊन बघू. विषय माझा नाही, मी भौतिकशास्त्राची. पण पद्धत तीच असते.

पायरी १ : 'वाट लावली' म्हणजे नक्की काय?

"सीक्वेल वाईट असतात" हे वाक्य तपासता येत नाही. वाईट म्हणजे अभिनय वाईट, कथा वाईट की आणखी काही? आधी व्याख्या हवी, आणि अशी हवी की दुसऱ्या माणसाने वापरली तरी साधारण तेच उत्तर यावं.

१९९१ च्या दुसऱ्या भागाचा शेवट आठवा. पोलादाच्या कारखान्यात टर्मिनेटर वितळलेल्या धातूत उतरतो. त्याच्या डोक्यातली चिप शिल्लक राहिली तर तिच्यातून पुन्हा तीच यंत्रं बनतील, म्हणून त्यालाही संपावं लागतं. स्वतःला नष्ट करणं त्याच्या प्रोग्रॅममध्ये बसत नाही, त्यामुळे खाली सोडायचं बटण सारा दाबते. त्याआधी डायसन हा शास्त्रज्ञ जिवानिशी गेलेला असतो. एवढं सगळं मोजून हातात काय येतं? भविष्य आधीच ठरलेलं नाही, ही एक गोष्ट.

२००३ च्या तिसऱ्या भागात कळतं की अणुयुद्ध टळलं नव्हतं, नुसतं पुढे ढकललं गेलं होतं. सिनेमाच्या शेवटी क्षेपणास्त्रं उडतातच. म्हणजे पैसे भरून घेतले आणि माल परत नेला!

इथून आपली व्याख्या मिळते. शेवटात दोन गोष्टी असतात: पात्रांनी काय मोजलं आणि त्या बदल्यात काय मिळालं. सीक्वेलने ते मिळालेलं काढून घेतलं, तर शेवट बिघडला. सीक्वेल चांगला की वाईट हा प्रश्न यात कुठेच येत नाही, आणि तेच आपल्याला हवंय.

पायरी २ : व्याख्या दुसरीकडे चालते का?

एका उदाहरणावर बेतलेली व्याख्या त्या उदाहरणावर बसणारच. म्हणून दुसरीकडे लावून बघायची.

'एलियन्स' (१९८६) मध्ये रिप्ली जिवावर उदार होऊन न्यूट नावाच्या लहान मुलीला वाचवते. 'एलियन ३' (१९९२) सुरू होतो आणि न्यूट मेलेली असते. व्याख्या चपखल बसली.

आर्थर सी. क्लार्क यांची 'राँदेव्हू विथ रामा' (१९७३) जरा अवघड आहे. सूर्यमालेत एक अवाढव्य परकं यान येतं. माणसं आत जाऊन हिंडतात, थक्क होतात. यान सूर्याजवळून जातं, लागेल ती ऊर्जा घेतं आणि निघून जातं. बनवणारे कोण, कशासाठी आले, काहीच कळत नाही. त्यांनी आपली साधी दखलही घेतली नाही. इथे वाचकाला मिळते ती एक जाणीव: विश्व आपल्यासाठी चाललेलं नाही.

पुढे १९८९, १९९१ आणि १९९३ मध्ये क्लार्क आणि जेन्ट्री ली यांचे तीन भाग आले. त्यांत यान परत येतं, आणि नंतर तर त्याला खास माणसंच हवी असतात, दोन हजार माणसं! ज्यांनी आपल्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांना आता आपणच पाहिजे. इथे कुणाचा जीव परत घेतला नाही, पण मिळालेली जाणीव मात्र गेली. व्याख्या टिकली, आणि 'मिळालेलं' म्हणजे फक्त एखाद्या पात्राचा जीव नव्हे, हेही कळलं.

पायरी ३ : विरुद्ध उदाहरण मुद्दाम शोधा

नवे संशोधक इथे हमखास घसरतात. मीही घसरले होते. आपल्या बाजूची दहा उदाहरणं गोळा करण्यापेक्षा आपल्याला खोटं पाडू शकेल असं एक शोधा.

ज्यूल व्हर्न यांच्या १८६५ च्या चांद्रकथेत तोफेतून तिघांना चंद्राकडे डागतात. आपल्याकडे भा. रा. भागवतांमुळे व्हर्न कित्येक मराठी घरांत पोचले, त्यामुळे गोष्ट ओळखीची असेल. शेवटी वेधशाळेतून बातमी येते की गोळा चंद्राभोवती फिरतोय. तिघांचं काय होणार? पुस्तक तिथेच संपतं. चारेक वर्षांनी दुसरा भाग आला आणि तिघंही सुखरूप पृथ्वीवर परतले.

म्हणजे जीव धोक्यात घालणं फुकट गेलं, शेवट बिघडला? मला तसं वाटत नाही. पहिल्या भागाने वाचकाला काही दिलंच नव्हतं, फक्त विचारलं होतं. तो खरा शेवट नव्हता, मध्यंतर होतं. शिवाय व्हर्न काय करतात बघा: दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच ते मोकळेपणाने सांगतात की वेधशाळेच्या त्या बातमीत दोन चुका होत्या, एक निरीक्षणाची आणि एक सिद्धान्ताची. चक्क शुद्धिपत्र!

दुसरं उदाहरणही त्यांचंच. पाणबुडीतला कॅप्टन नेमो कोण, हे त्याच्या पहिल्या कादंबरीत कळत नाही. नंतरच्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये (१८७४-७५) कळतं की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला. दोन्ही पुस्तकांतल्या तारखा मात्र एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. पहिल्या कादंबरीतला प्रवास १८६८ मध्ये संपतो. दुसरीत त्याच साली मरणारा नेमो तो प्रवास सोळा वर्षांपूर्वीचा असल्यासारखा सांगतो. हिशेब चुकलाय, पण शेवट बिघडलाय का? उलट नेमोच्या रागाला कारण मिळालं. तेव्हा तपशिलाची चूक आणि शेवट बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरुद्ध उदाहरण शोधलं नसतं तर हा फरक मला दिसला नसता.

पायरी ४ : आपल्या घरचं उदाहरण

आता जयंत नारळीकर. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आली, त्यामुळे बऱ्याच जणांनी वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे १७६१ मध्ये पानिपतावर मराठे जिंकले. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेली. परत येतात तेव्हा पुरावा म्हणून खिशात बखरीचं एक फाटकं पान असतं, बस्स.

त्या जगात पंत पुण्याहून मुंबईला ट्रेनने निघतात तेव्हा पुण्याबाहेर कारखान्यांची वसाहतच नसते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिंचवड स्टेशनवर उभी होते. तिथे पिंपरी नाही, १९५४ ची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स नाही, चाकणच्या कंपन्यांच्या बसेस नाहीत आणि नोकरीसाठी इकडे आलेले माझे बाबाही नाहीत. पानिपत जिंकायची किंमत म्हणून आमचं अख्खं गाव गेलं! लेखकाने एका वाक्यात उरकलेला तपशील, पण माझ्यापुरती कथेची किंमत तीच.

शेवटी पंत ठरवतात की यापुढे सभेत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसायचं नाही, आणि पानिपतावरच्या परिसंवादाला नकार कळवून मोकळे होतात. दार त्यांनी स्वतःच लावलं. समजा, कुणी सीक्वेल लिहिला आणि पंत पुन्हा त्या जगात जाऊन आले. मग ते एकमेव फाटकं पान म्हणजे सहलीहून आणलेलं तिकीट ठरेल. दुसऱ्यांदा जाता येतं म्हटलं की पहिल्यांदा जाण्याचं मोल उतरतं.

जाता जाता त्यांच्या एका कादंबरीचं नावही बघा: 'वामन परत न आला'. इंग्रजीत तीच 'द रिटर्न ऑफ वामन' झाली. मराठी नाव दाराला कडी घालतं, इंग्रजी नाव दार उघडं ठेवतं. कडी घालूनही गोष्ट वाचनीय राहते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

"पण पहिला भाग कपाटात तसाच आहे ना?"

व्हायव्हाला हा प्रश्न येणार, तयारी ठेवा. सीक्वेल आवडला नाही तर वाचू नका, पहिल्या पुस्तकातला एक शब्दही बदललेला नाही. मुद्दा बिनतोड वाटतो. पण शेवटाचं वजन "यानंतर काही नाही" या भरवशावर असतं. दुसऱ्या भागातला टर्मिनेटर बुडताना बघायचा आणि मनात "हे वाया जाणारेय" हेही माहीत असायचं, हा तोच सीन नव्हे. तरी सगळ्यांना असंच वाटतं का, हे वाचकांना विचारूनच कळेल. माझ्या पाच-सहा उदाहरणांवरून ते सिद्ध होत नाही. मर्यादा म्हणतात ती ही.

आणि माझा स्वतःचा सीक्वेल

हे सगळं मी का लिहिलं? कारण सध्या मीच एक सीक्वेल लिहितेय.

माझं काम पोलादावरच्या गंजरोधक लेपांवर आहे. पहिल्या पेपरमध्ये नमुने सॉल्ट स्प्रेमध्ये ठेवले होते: ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा, ३५ अंश तापमान, सतत. एक लेप छान टिकला. शेवटचं वाक्य मी ऐटीत लिहिलं होतं की हा लेप सर्वांत चांगला. आता ओलं-कोरडं, ओलं-कोरडं अशा आवर्तनांची चाचणी केली तर तोच लेप मागे पडला. खऱ्या रस्त्यावरची गाडी अशीच भिजते आणि सुकते.

दोन रात्री झोप नाही. मोह काय झाला माहितेय? नवीन पेपर असा लिहायचा की जुन्याचा विषयच निघणार नाही. मॅडमना दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "जुन्या निष्कर्षात कुठली अट लपली होती, ते पहिल्या परिच्छेदात लिही."

तेव्हा लोकलमधली चर्चा आठवली. कथेचा शेवट कायमचा असतो, म्हणून तो काढून घेतला की लागतं. विज्ञानातला निष्कर्ष कायमचा नसतोच. तो पुढच्या पुराव्यापर्यंतचा असतो, त्यामुळे आपल्याकडे सीक्वेल हवेतच. पण पहिल्या पेपरवर विश्वास ठेवून कुणी तो लेप निवडला असेल, तर त्याने काहीतरी मोजलेलं आहे. त्याला न सांगता माल परत न्यायचा नाही. व्हर्न यांनी केलं तसं पहिल्याच पानावर सांगायचं: चूक इथे होती.

माझ्या नव्या पेपरचा पहिला परिच्छेद आता तसा आहे. तो लिहायला चार दिवस लागले.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमची एखादी जुनी, मनापासूनची तक्रार घ्या. एका वाक्यात तिची व्याख्या लिहा. बाजूची दोन उदाहरणं आणि विरुद्ध एक उदाहरण शोधा. विरुद्ध उदाहरणाने व्याख्या बदलावी लागली तर वाईट वाटून घेऊ नका, तिथूनच संशोधन सुरू होतं.

माझ्या ज्युनिअरने तिचं वाक्य लिहून पाठवलंय. विरुद्ध उदाहरण अजून सापडलेलं नाही म्हणते. मी म्हटलं, सापडेपर्यंत सिनॉप्सिस लिहायला बसू नकोस.